रचनाबंधांचे वाचन आणि रचनादृष्टीची घडण : संगणकीय आज्ञावलीविषयक तीन ग्रंथांची चिकित्सा

प्रास्ताविक

संगणकाची आज्ञावली लिहिता येणे आणि तिची रचना करता येणे या दोन भिन्न क्षमता आहेत. पहिली क्षमता भाषेच्या नियमांच्या अभ्यासातून आणि सरावातून काही महिन्यांत साध्य होते. दुसरी मात्र दीर्घ अनुभवाची अपेक्षा करते, कारण आज्ञावली आज चालते की नाही हा तिचा प्रश्न नसतो. उद्या गरज बदलल्यावर ती किती ठिकाणी मोडेल, हा तिचा खरा प्रश्न असतो. अनुभवी रचनाकारांचे हे संचित ग्रंथरूपाने नवशिक्यांच्या हाती देता येईल काय, या प्रश्नाचे एक महत्त्वाकांक्षी उत्तर म्हणजे 'डिझाइन पॅटर्न' ही संकल्पना होय. मराठी समीक्षेत 'रचनाबंध' हा शब्द रुळलेला आहे. प्रस्तुत लेखात तोच शब्द या अर्थाने योजला आहे.

गेल्या तीन दशकांत या विषयावर विपुल लेखन झाले आणि संगणकशास्त्राच्या उच्च शिक्षणात त्याला स्थान मिळाले. तथापि अध्यापनाच्या पातळीवर एक विसंगती जाणवते. रचनाबंधांची नावे, व्याख्या आणि आकृत्या बिनचूक लिहिणारा विद्यार्थी प्रकल्प करताना त्यांचा उपयोग करत नाही, किंवा नको तेथे करतो. हा दोष विद्यार्थ्याचा, ग्रंथांचा, की वाचनपद्धतीचा? या प्रश्नाच्या अनुषंगाने १९९४ ते २००४ या दशकातील तीन प्रभावी ग्रंथांची चिकित्सा येथे केली आहे.

संकल्पनेची पूर्वपीठिका

रचनाबंधाची कल्पना मुळात संगणकशास्त्रातील नाही, ती वास्तुशास्त्रातून आली. ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांनी १९६४ च्या 'नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म' या ग्रंथाच्या परिशिष्टात सहाशे वस्तीच्या एका भारतीय शेतीप्रधान खेड्याची फेररचना हे उदाहरण घेतले होते. त्या खेड्याच्या १४१ गरजा नोंदवून, परस्परांवर परिणाम करणाऱ्या गरजांचे गट पाडून रचनेकडे जाण्याचा तो प्रयत्न होता. पुढे १९७७ मध्ये सारा इशिकावा, मरे सिल्व्हरस्टीन आदी सहकाऱ्यांसह त्यांनी 'अ पॅटर्न लँग्वेज' प्रसिद्ध केला. त्यात २५३ रचनाबंध आहेत. त्यांचा क्रम प्रदेश आणि नगरापासून घर, खोली आणि सजावटीच्या तपशिलापर्यंत उतरत जातो. प्रत्येक रचनाबंध आपल्याहून मोठ्या रचनाबंधांच्या उल्लेखाने सुरू होतो आणि लहान रचनाबंधांकडे निर्देश करून संपतो. शिवाय लेखकांना आपल्या निष्कर्षाची किती खात्री वाटते, हे प्रत्येक नावापुढे दोन तारे, एक तारा किंवा ताऱ्याचा अभाव यांद्वारे दर्शविले आहे.

केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८७ मध्ये ही कल्पना ऑब्जेक्टाधारित आज्ञावलीच्या क्षेत्रात आणली. एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस यांनी १९९४ च्या अखेरीस 'डिझाइन पॅटर्न्स' हा ग्रंथ प्रकाशित केला आणि ती सर्वमान्य झाली. या प्रवासात संकल्पनेचे नाव टिकले, परंतु तिची काही अंगे गळून पडली. त्यांचा संबंध थेट अध्यापनाच्या अडचणीशी आहे, म्हणून पुढील विवेचनात त्यांचा विचार केला आहे.

'डिझाइन पॅटर्न्स' : कोश की पाठ्यपुस्तक?

चौघा लेखकांच्या या ग्रंथात २३ रचनाबंध आहेत. त्यांपैकी निर्मितीविषयक ५, संरचनाविषयक ७ आणि वर्तनविषयक ११ अशी विभागणी आहे. ग्रंथाचे पहिले थोर वैशिष्ट्य म्हणजे त्याचा प्रामाणिकपणा. लेखकांनी नवे काही शोधल्याचा दावा केलेला नाही. प्रत्यक्ष वापरातील प्रणालींमध्ये एकाहून अधिक ठिकाणी आढळलेल्या रचनाच त्यांनी निवडल्या आणि त्यांची उदाहरणे प्रत्येक प्रकरणात नोंदवली. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे मांडणीची शिस्त. हेतू, प्रेरणा, उपयुक्ततेच्या अटी, संरचना, सहभागी घटक, परिणाम, अंमलबजावणी, नमुना कोड, ज्ञात उपयोग अशा ठरावीक शीर्षकांखाली प्रत्येक रचनाबंध येतो. तिसरे वैशिष्ट्य कदाचित सर्वांत चिरस्थायी ठरले : या ग्रंथाने व्यवसायाला शब्दसंग्रह दिला. पूर्वी जे समजावून सांगण्यास फळ्यावर अर्धा तास आकृत्या काढाव्या लागत, ते 'येथे ऑब्झर्व्हर वापरू' एवढ्या वाक्यात सांगता येऊ लागले.

मात्र हीच शिस्त नवशिक्याच्या वाटेत उभी राहते. प्रत्येक गटातील रचनाबंध इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेले आहेत. त्यामुळे तपशीलवार सूची वाचू लागलेल्या विद्यार्थ्याला सर्वप्रथम 'ॲबस्ट्रॅक्ट फॅक्टरी' भेटते. एकाच कुळातील अनेक ऑब्जेक्ट, त्यांचे नेमके क्लास न सांगता, निर्माण करण्याची ही युक्ती आहे. ज्याने तशी अडचण कधी अनुभवलेली नाही, त्याला ही युक्ती निष्कारण गुंतागुंत वाटावी हे स्वाभाविक आहे. अलेक्झांडर यांच्या ग्रंथातील मोठ्याकडून लहानाकडे नेणारा क्रम येथे नाही आणि खात्रीचे तारेही नाहीत. 'कंपोझिट'सारखा काळाच्या कसोटीस उतरलेला रचनाबंध आणि 'सिंगलटन'सारखा वादग्रस्त रचनाबंध एकाच सुरात आणि सारख्याच प्रतिष्ठेने मांडले जातात.

लेखकांना या अडचणीची जाणीव नव्हती असे म्हणता येत नाही. नवशिक्यांनी प्रारंभी वाचावेत असे आठ सोपे आणि नित्योपयोगी रचनाबंध त्यांनी वेगळे सांगितले आहेत. त्यांत ॲडॅप्टर, कंपोझिट, डेकोरेटर, ऑब्झर्व्हर, स्ट्रॅटेजी इत्यादींचा समावेश आहे. तसेच दुसऱ्या प्रकरणात 'लेक्सी' या दस्तऐवज संपादकाच्या रचनेतील सात समस्या क्रमाने सोडवीत आठ रचनाबंधांचा परिचय करून दिला आहे. अध्यापनाच्या दृष्टीने हे प्रकरण ग्रंथाचा गाभा आहे, कारण तेथे समस्या आधी येते आणि नाव नंतर. परंतु परीक्षेत लेक्सीवर प्रश्न विचारणे कठीण आणि 'अमुक रचनाबंधाचा हेतू सांगून आकृती काढा' असे विचारणे सोपे असते. परिणामी जो भाग वाचायला हवा तो वगळला जातो आणि जो गरजेनुसार चाळायला हवा तो पाठ केला जातो. कोशाचे पाठ्यपुस्तक करण्याची ही चूक ग्रंथाची नाही. तथापि ग्रंथाच्या मांडणीने तिला वाव दिला, हे मान्य करावे लागते.

आकृतीचे ज्ञान आणि हेतूचे ज्ञान

पाठांतराची मर्यादा दाखविणारे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 'स्टेट' आणि 'स्ट्रॅटेजी' हे दोन रचनाबंध. त्यांच्या क्लास-आकृत्या जवळजवळ एकसारख्या आहेत. दोहोंत एक संदर्भ-ऑब्जेक्ट आपले काम एका इंटरफेसमागील दुसऱ्या ऑब्जेक्टवर सोपवतो. भेद आहे तो हेतूचा. स्ट्रॅटेजीमध्ये एकच काम करण्याच्या अनेक पद्धतींपैकी एक बाहेरून निवडून दिली जाते. स्टेटमध्ये ऑब्जेक्टची अंतर्गत अवस्था बदलत जाते आणि तिच्याबरोबर त्याचे वर्तनही पालटते. अनेकदा एक अवस्थाच दुसरीला जागा करून देते. आकृती काढू शकणाऱ्या विद्यार्थ्याला हा भेद कळला आहे, असे आकृतीवरून कधीच सिद्ध होत नाही.

मराठीच्या अध्यापकांना ही अडचण परकी वाटू नये. वाक्यात 'जणू' दिसला की उत्प्रेक्षा आणि 'सारखा' दिसला की उपमा, असे ओळखणारा विद्यार्थी परीक्षेत गुण मिळवतो. पण त्याला कविता कळलेली असतेच असे नाही. लक्षणे ठाऊक असणे आणि रचनेतील गरज ओळखणे यांतील अंतर भारतीय साहित्यशास्त्राने फार पूर्वी ओळखले होते. 'काव्यप्रकाश' ग्रंथात मम्मटाने काव्याचा हेतू सांगताना शक्ती, लोकव्यवहार व शास्त्रकाव्यादींच्या अवलोकनातून येणारी निपुणता आणि जाणकारांच्या शिकवणुकीनुसार केलेला अभ्यास या तिहींचा एकत्रित निर्देश केला आहे. शास्त्रवाचन त्यात आहे, पण ते एकटे नाही. रचनाबंधांच्या ग्रंथवाचनालाही हेच लागू पडते.

सिंगलटनचा इतिहास याच मुद्द्याची दुसरी बाजू दाखवितो. एखाद्या क्लासचा एकच ऑब्जेक्ट असावा आणि तो सर्वत्र उपलब्ध असावा, हा त्याचा हेतू समजण्यास सोपा आहे, म्हणून तो विद्यार्थ्यांत सर्वाधिक लोकप्रिय ठरतो. प्रत्यक्षात तो बहुधा सार्वत्रिक चलाला दिलेले प्रतिष्ठित नाव ठरतो. आज्ञावलीतील परस्परावलंबन तो दडवतो आणि सुट्या भागांची चाचणी अवघड करतो. मूळ ग्रंथातील नमुना कोड एकाच वेळी चालणाऱ्या अनेक थ्रेडचा विचार करत नाही. दोन थ्रेड एकदमच तेथे पोहोचल्यास एकाऐवजी दोन ऑब्जेक्ट निर्माण होऊ शकतात. त्यावर सुचविलेली दुहेरी तपासणीची युक्ती जावामध्ये, २००४ च्या पाचव्या आवृत्तीत स्मृतीविषयक नियम सुधारले जाईपर्यंत, भरवशाची नव्हती. ग्रंथकर्त्यांपैकी व्लिसिडीस यांनी 'पॅटर्न हॅचिंग' या १९९८ च्या पुस्तकात सिंगलटन नष्ट केव्हा आणि कोणी करावा या दुर्लक्षित प्रश्नाची चर्चा केली. गामा यांनी २००९ मधील एका मुलाखतीत, ग्रंथाची फेररचना केल्यास सिंगलटन वगळण्याची तयारी दर्शविली. खुद्द लेखकांची मते अशी पुढे सरकलेली असताना वर्गात तो रचनाबंध निरपवाद सत्य म्हणून शिकविला जाणे, हे ग्रंथप्रामाण्याचे लक्षण म्हणावे लागेल.

'हेड फर्स्ट' : सुगमतेचे मोल

एरिक फ्रीमन, एलिझाबेथ फ्रीमन, बर्ट बेट्स आणि कॅथी सिएरा यांचे 'हेड फर्स्ट डिझाइन पॅटर्न्स' हे २००४ चे पुस्तक म्हणजे वरील दोषांना दिलेले अध्यापनशास्त्रीय उत्तर होय. चित्रे, संवाद, कोडी आणि हेतुपुरस्सर केलेली पुनरुक्ती यांमुळे ते प्रथमदर्शनी उथळ वाटते, परंतु त्याचा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. प्रारंभ स्ट्रॅटेजीपासून होतो. बदकांच्या एका खेळाच्या आज्ञावलीत मूळ क्लासमध्ये उडण्याची क्रिया घातली जाते आणि इनहेरिटन्समुळे रबरी बदकेही उडू लागतात. ही फजिती वाचकाच्या डोळ्यांदेखत घडते आणि तिच्यातून वारशापेक्षा संयोजन अधिक लवचीक का, हे तत्त्व उलगडते. 'डेकोरेटर'चे प्रकरण कॉफीच्या दुकानातील पेयांच्या असंख्य मिश्रणांसाठी असंख्य क्लास करण्याच्या संकटातून उभे राहते आणि जावाच्या आदान-प्रदान ग्रंथालयात तीच रचना असल्याचे दाखवून देते.

या पुस्तकाचे यश नाकारता येणार नाही. मात्र त्याला दोन मर्यादा आहेत. पहिली, त्यातील समस्या रचनाबंधाच्या मापाने बेतलेल्या आहेत. प्रत्येक कोड्याचे उत्तर त्या प्रकरणाच्या शीर्षकातच असल्याने 'येथे कोणता रचनाबंध?' हा प्रश्न वाचकाला स्वतःला पडत नाही आणि 'येथे रचनाबंध हवाच का?' हा तर फारच क्वचित पडतो. दुसरी, ब्रिज, बिल्डर, इंटरप्रिटर, व्हिजिटर आदी नऊ रचनाबंध परिशिष्टात थोडक्यात आटोपले आहेत. निवड म्हणून ते योग्यच आहे, परंतु या पुस्तकावर थांबणाऱ्या वाचकाची समज अपुरी राहते. तो सुलभ प्रवेशद्वारातून आत येतो, पण त्याने मूळ ग्रंथापर्यंत पोहोचणे अपेक्षित असते.

'रिफॅक्टरिंग टू पॅटर्न्स' : वाटेचे दर्शन

जोशुआ केरिएव्हस्की यांचा २००४ मधील 'रिफॅक्टरिंग टू पॅटर्न्स' हा ग्रंथ तुलनेने कमी वाचला जातो. परंतु प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने तो सर्वाधिक महत्त्वाचा आहे. मार्टिन फाउलर यांनी १९९९ मध्ये 'रिफॅक्टरिंग' या ग्रंथात आज्ञावलीचे बाह्य वर्तन न बदलता तिची अंतर्रचना लहान पावलांनी सुधारण्याची पद्धत मांडली होती. केरिएव्हस्की यांनी त्या पद्धतीची रचनाबंधांशी सांगड घातली. त्यांच्या ग्रंथात २७ रूपांतरे आहेत आणि प्रत्येकाचा प्रारंभ सदोष पण चालू कोडने होतो. रचनाबंध हे येथे आरंभीचे गृहीतक नाही. दुरुस्ती करत करत जेथे पोहोचावे असे ते एक संभाव्य स्थान आहे. काही रूपांतरे रचनाबंधाच्या दिशेने जाऊन मध्येच थांबतात, तर काही त्याच्यापासून दूर नेतात. नको असलेला सिंगलटन काढून टाकण्याचे स्वतंत्र रूपांतर त्यात आहे. रचनाबंधांच्या मोहात आपणही साध्या समस्यांवर अवजड उपाय लादले होते, अशी कबुली लेखकाने दिली आहे. ती या वाङ्मयात दुर्मीळ आहे.

एक साधे उदाहरण घेऊन या दृष्टीचे महत्त्व स्पष्ट करता येईल. महाविद्यालयीन ग्रंथालयाच्या आज्ञावलीत विलंबशुल्काची आकारणी करावयाची आहे असे समजू. विद्यार्थ्यांना एक दर आणि अध्यापकांना शुल्क नाही, एवढाच नियम असेल तर एक साधी अट पुरेशी आहे. तेथे स्ट्रॅटेजीसाठी एक इंटरफेस आणि दोन क्लास लिहिणे हे पांडित्यप्रदर्शन ठरेल. पुढे सुट्टीचे दिवस वगळावेत, संदर्भग्रंथांना वेगळा दर असावा, बाहेरील सभासदांना कमाल मर्यादा असावी, असे नियम येत गेले की अटींच्या आत अटी वाढतात. एक नियम दुरुस्त करताना दुसरा बिघडतो. या टप्प्यावर प्रत्येक नियम स्वतंत्र क्लासमध्ये हलविला की विद्यार्थ्याला हायसे वाटते. त्या क्षणी 'स्ट्रॅटेजी' हे नाव सांगितले तर ते त्याच्या अनुभवाला चिकटते. नाव आधी आणि अडचण नंतर हा क्रम असेल, तर तेच नाव केवळ स्मरणावर टांगलेले राहते.

भाषेची सापेक्षता

ग्रंथांतून रचनाबंध शिकताना आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. चौघांचा ग्रंथ प्रामुख्याने सी प्लस प्लस आणि स्मॉलटॉक यांच्या आधारे लिहिला गेला. पीटर नॉर्व्हिग यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की लिस्प किंवा डिलन यांसारख्या गतिशील भाषांत २३ पैकी १६ रचनाबंध एक तर अदृश्य होतात किंवा बरेच सोपे बनतात. भाषेत जे थेट म्हणता येत नाही ते वळसा घालून म्हणण्याची रीत, असे काही रचनाबंधांचे स्वरूप आहे. पुढील काळाने याची पुष्टी केली. जावामध्ये २००४ च्या आवृत्तीत संग्रहातील घटकांवर थेट फिरणारी रचना आली आणि इटरेटर बहुतांशी पडद्याआड गेला. २०१४ च्या आठव्या आवृत्तीत लॅम्डा आल्यावर पुष्कळदा स्ट्रॅटेजीसाठी स्वतंत्र क्लासची गरज उरली नाही. जावाने पुरविलेला ऑब्झर्व्हरचा तयार क्लास तर २०१७ च्या नवव्या आवृत्तीत त्याज्य म्हणून घोषित झाला. ऑब्झर्व्हरची कल्पना मात्र जिवंत राहिली. नमुना कोड कालबाह्य होतो, परंतु त्यामागील समस्या आणि परिणामांचे विश्लेषण टिकते. म्हणून अंमलबजावणीच्या भागापेक्षा प्रेरणा आणि परिणाम हे भाग अधिक काळजीपूर्वक वाचावयास हवेत.

दुसरीकडे रचनाबंधांची संख्या वाढतच गेली. भरताच्या 'नाट्यशास्त्रा'तील चार अलंकारांपासून 'कुवलयानंद'पर्यंत ती शंभराच्या पुढे गेली, त्याचीच येथे आठवण होते. भेद वाढले म्हणून रसिकता वाढतेच असे नाही.

वाचनक्रमाचा विचार

उपरोक्त चिकित्सेवरून तिन्ही ग्रंथ परस्परांचे पर्याय नसून पूरक आहेत असे दिसते. 'हेड फर्स्ट' गोडी लावते, केरिएव्हस्की वाट दाखवितात आणि चौघांचा ग्रंथ नेमकेपणा देतो. मूळ ग्रंथाचे वाचन करताना प्रथम लेक्सीचे प्रकरण, नंतर लेखकांनी सुचविलेले आठ रचनाबंध आणि उरलेले प्रसंगानुरूप, असा क्रम ठेवणे इष्ट होय. त्याच्या जोडीला दुसऱ्याने लिहिलेला प्रत्यक्ष वापरातील कोड वाचणे अपरिहार्य आहे. गामा आणि बेक यांची 'जेयुनिट' ही चाचणीप्रणाली या दृष्टीने उत्तम आहे, कारण तिच्या रचनेत कमांड, टेम्प्लेट मेथड आणि कंपोझिट यांची गुंफण कशी झाली हे तिच्या कर्त्यांनीच उलगडून दाखविले आहे.

मूल्यमापनातही त्यानुसार बदल व्हावयास हवा. आकृती काढावयास सांगण्याऐवजी एक अडखळणारा कोड देऊन त्यात कोणता रचनाबंध योजावा, का योजावा आणि त्याची किंमत काय, असे विचारता येईल. 'येथे कोणताही रचनाबंध नको' हे उत्तरही सकारण असल्यास पूर्ण गुणांस पात्र असावे. आज रचनाबंधाचे नाव सांगताच त्याचा कोड लिहून देणारी यांत्रिक साधने विद्यार्थ्यांच्या हाती आली आहेत. त्यामुळे ही गरज अधिकच तीव्र झाली आहे. जे यंत्र लिहून देते ते पाठ करण्याचे प्रयोजन उरत नाही. ते तेथे असावे की नाही, हा निर्णय मात्र विद्यार्थ्यालाच करावा लागतो.

समारोप

अलेक्झांडर यांनी १९९६ मध्ये ऑब्जेक्टाधारित प्रणालींच्या परिषदेत संगणकतज्ज्ञांसमोर भाषण केले. आपल्या कल्पनेचा स्वीकार झाल्याचे त्यांनी स्वागत केले, परंतु काही अवघड प्रश्नही उपस्थित केले. या रचनाबंधांतून सुसंगत, सजीव असे समग्र काही निर्माण होते काय? त्यांच्यामुळे माणसांचे जगणे अधिक चांगले होते काय? चौघांच्या ग्रंथात या प्रश्नांची उत्तरे नाहीत आणि तशी अपेक्षा करणेही अन्याय्य होईल. तो अनुभवांचा काटेकोर कोश आहे आणि कोश म्हणून त्याचे स्थान अढळ आहे.

परंतु कोश वाचून कोणी लेखक होत नाही आणि कोशाशिवाय कोणी लेखक नेमका होत नाही. रचनाबंधांच्या ग्रंथांचे वाचन फलदायी व्हावयाचे असेल तर ते स्वतःच्या फसलेल्या रचनेच्या शेजारी बसून व्हावयास हवे. ज्या विद्यार्थ्याने एकदा तरी आपलाच कोड दुरुस्त करताना हात टेकले आहेत, त्याला या ग्रंथांतील एकेक पान वेगळे दिसते. त्याला तशी संधी आणि तेवढा वेळ देणारा अभ्यासक्रम आखणे, ही या ग्रंथांच्या लेखकांची नव्हे, तर अध्यापकांची जबाबदारी होय.